कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या बघायच्या आहेत. जागा कुठली धरावी, आणि दिवसभरात काय काय होईल?

सिन्नरकर: येत्या रविवारी खासबाग मैदानात कुस्त्या आहेत. वडिलांना घेऊन येतोय. वय सत्तर, गुडघे दुखतात. सकाळी सातला मध्यवर्ती स्टँडवर उतरू, रात्री मुक्काम आहे. मैदानात कुठं बसावं, किती वाजता जावं? आणि तोवर आसपास काय बघून होईल? अंबाबाईचं दर्शन घ्यायचंच आहे, रंकाळा तलावही बघायचा आहे.

लालमाती: राम राम. मैदानाची घडण कळली की जागा आपोआप कळते. खासबाग खोल बशीसारखं आहे. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती बसायची जागा वर वर चढत गेलेली. मधे खांब नाही, त्यामुळं शेवटच्या माणसालासुद्धा पट काढलेला (पाय धरून पाडायचा डाव) दिसतो. शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कोलोसियम, म्हणजे प्राचीन गोल क्रीडागार, पाहिलं आणि तसं मैदान इथं बांधायचं ठरवलं. १९०७ ला इथलं काम सुरू झालं, १९१२ ला मैदान तयार झालं. शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक माणसाला कुस्ती नीट दिसावी एवढा विचार करून बांधलंय, हे तिथं बसल्यावर पटतं.

वडिलांना हौद्याजवळ नेऊ नका. गर्दीत पुढची माणसं उभी राहतात, मग बसलेल्याला काहीच दिसत नाही, आणि मधूनच उठून बाहेर पडायचं तर सगळा चढ चढावा लागतो. वरच्या अंगाला, येण्याजाण्याच्या वाटेजवळ बसा. बाजू पश्चिमेची धरा. ऊन पाठीवर येतं. समोर पूर्वेला बसलेल्यांच्या डोळ्यांत सूर्य मावळेपर्यंत ऊन असतं. जाड टॉवेल, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा.

कुस्त्या दुपारी तीन-चारला लागतात. सुरुवातीला पोरांच्या जोडी, मग इनाम वाढत जातं, आणि एक नंबरची कुस्ती लागायला रात्रीचे नऊ-दहासुद्धा होतात. बाहेरगावची माणसं तीनला येऊन सातला कंटाळून उठतात आणि खरी कुस्तीच चुकवतात. तुम्ही साडेपाचला या. हलगी-घुमक्याचा, म्हणजे मैदानातल्या वाद्यांचा, ठेका वाढला की समजा मोठी जोड हौद्यात उतरली.

पेठकरी: वर सांगितलंय ते बरोबर. सकाळचा भाग मी सांगतो.

स्टँडवरून रिक्षानं थेट बिंदू चौक, तिथून चालत अंबाबाई. रविवार असल्यानं आठच्या आत रांगेत लागा. दहानंतर रांग भलतीच लांबते. देवळातून भवानी मंडपात या. तिथं लागूनच मोतीबाग तालीम आहे, हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांची. मेहनत पहाटे चालते, नऊला आखाडा रिकामा असतो. वस्तादांना विचारूनच आत जा, चपला बाहेर काढा, फोटोही विचारूनच.

मग मिसळ. इथं ती पावाबरोबर नाही, ब्रेडच्या स्लाइसबरोबर खातात. वडिलांसाठी कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागा, म्हणजे तिखट हातात राहतं.

रंकाळा मात्र त्या दिवशी काढून टाका. त्याची मजा संध्याकाळी, आणि तीच वेळ कुस्त्यांची. सोमवारी सकाळी जा. त्याऐवजी रविवारी टाउन हॉलचं संग्रहालय बघा, सोमवारी ते बंद असतं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती तिथं आहे. रोमन जगातून व्यापाराबरोबर इथवर आलेली. कोलोसियमच्या गोष्टीआधी कोल्हापूरचं रोमशी इतकं जुनं नातं होतं!

सिन्नरकर: फार उपयोगी. मातीतल्या कुस्तीत गुण कसे मोजतात?

लालमाती: निकाली कुस्तीत गुण नसतात. दोन्ही खांदे मातीला टेकले, चीत झाला, संपलं. म्हणून घिस्सा, ढाक, एकचाक हे डाव लागताना नजर खांद्यांवर ठेवा. बराच वेळ निकाल लागला नाही तर पंच वेळ बांधून देतात, मग गुणांवर नाहीतर बरोबरीत सोडवतात.

मातीकडंही बघा. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात, मग खोऱ्यानं उकरून भुसभुशीत करतात. कोरडी पडली तर धूळ डोळ्यांत जाते आणि अंग सोलतं, पाणी जास्त झालं तर पाय सरकतो आणि गुडघा मुरगळतो. मधेच माती पुन्हा उकरायला घेतली तर वेळकाढूपणा समजू नका.

मिरजकर_तिकटी: एक राहिलं. मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं, त्यामुळं जुने फोटो बघून ती वास्तू शोधत बसू नका. महाराजांनी कुस्ती आणि नाटक शेजारी-शेजारी वसवलं होतं, त्याचं दुःख शहराला अजून आहे.

खासबागेच्या खाऊगल्लीत सहाच्या आधी भेळ खाऊन घ्या. एक नंबरची कुस्ती सुटल्यावर सगळं मैदान एकदम बाहेर पडतं, चढावर रेटारेटी होते. वडिलांना घेऊन पंधरा-वीस मिनिटं बसूनच रहा. रिक्षा दारात मिळणार नाही. मिरजकर तिकटी या चौकापर्यंत चालत या, तिथं मिळते.