अर्ज कुठे केलेत आणि राहिलात कुठे? अनुभव लिहा

गवतीचहा
काल भाच्याने त्याची एक्सेल शीट दाखवली. जर्मनीतल्या नऊ युनिव्हर्सिट्या, रँकिंग, कोर्स, डेडलाईन सगळं रंगवून ठेवलंय आणि शेवटचा कॉलम 'राहायचं कुठे' तो आख्खा रिकामा. म्हणाला मावशी ते ॲडमिशन झाल्यावर बघू. हेच मी २०१७ साली बाबांना म्हणाले होते आणि ऑक्टोबरात आखनला उतरल्यावर तीन आठवडे एका सिनियर ताईच्या खोलीत खाली झोपले. थंडी फरशीतून वर येते हो. ताई उठायच्या आत अंथरूण गुंडाळायचं कारण नाहीतर दारच उघडायचं नाही. त्यात घरमालकाचं पत्र नाही म्हणून आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी नाही आणि ते नाही म्हणून व्हिसाचं पुढचं काम अडलं. ताई रोज म्हणायची राहा गं. तिची परीक्षा होती तेव्हा. ते 'राहा गं' मी विसरणार नाही.
तुम्ही कसं ठरवलंत ते लिहा, त्याला वाचायला देणार आहे.

आईची_गडबड
लेक केम्निट्झला आहे. नाव ऐकून घरात सगळ्यांनी तोंड वाकडं केलं, मी पण. पण हॉस्टेलची खोली जायच्या आधी हातात होती आणि भाडं तिच्या म्युनिकच्या मैत्रिणीच्या निम्म्याहून कमी. आता कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या आजी तिला नावाने हाक मारतात. कुकर लावलाय, नंतर येते

बार्शीकर
आमचं परदेश म्हणजे पुणे. कॅपचा, म्हणजे कॉलेजांच्या एकत्रित प्रवेशाचा, ऑप्शन फॉर्म भरताना बाबांचं एकच, कॉलेज एसटी स्टँडपासून लांब नको, मी चिडलो होतो कारण वरच्या नंबरचं एक कॉलेज गावाबाहेर होतं ते त्यांनी खाली टाकायला लावलं. मग सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत चौघं, सकाळी आठनंतर गरम पाणी बंद, रविवारी संध्याकाळी मेस बंद. त्या रविवारी आईचा डबा यायचा, ड्रायव्हरकाकांच्या सीटमागे ठेवलेला, मी स्वारगेटला जाऊन घ्यायचो. डबा पोचावा म्हणून स्टँडजवळचं, हे मला पार नोकरी लागल्यावर कळलं.

मेतकूट
काय असायचं डब्यात

बार्शीकर
कडक भाकरी शेंगाचटणी. कधी धपाटे. चौघांत रात्रीतच संपायचा 😀

ड्रेस्डेनवासी
भाच्याला सांगा जर्मनीत फी नसते हे आता सगळीकडे धरून चालू नको. टीयू म्युनिकने २०२४ च्या विंटरपासून युरोपबाहेरच्यांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो. श्टुटगार्ट कार्ल्सरूह हायडेलबर्ग तिकडे १,५०० तर २०१७ पासूनच आहेत. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे आणि त्यातून महिन्याला ९९२ च मिळणार, म्युनिकला त्यातले सातशे-आठशे खोलीच खाते, मग विमा आणि जेवण कशात बसवायचं? मी ह्याच हिशोबाने शहर आधी धरलं. आणि जाहिरातीत काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं लिहिलेलं असतं त्यात हीटिंग नसतं, वार्ममीटे म्हणजे हीटिंगसकट किती ते विचारायचं. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचे अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्टला पहिल्या अर्जाचे ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाचे ३०, तेव्हा नऊ खरंच हवीत का तेही बघ म्हणावं.

सह्याद्री_७
खोली न बघता पैसे पाठवू नका प्लीज. माझा मालक म्हणे लंडनला, डिपॉझिट टाका चावी कुरिअरने येईल. ८०० युरो गेले. बाबांनी एफडी मोडून दिलेले. फोन केला तर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, जेवलास का?

आईची_गडबड
अरे बाळा 😢 वाचून तशीच उभी राहिले ओट्यापाशी

सह्याद्री_७
आता ठीक आहे काकू. नवीन मुलं विचारतात तेव्हा मी जाऊन खोली बघून व्हिडिओ कॉल लावून देतो, बाथरूमचा नळसुद्धा सोडून दाखवतो.

मेतकूट
भारी करतोस. विषय निघालाच आहे तर कुकर न्यावा का? मुलगा सप्टेंबरात निघतोय

ड्रेस्डेनवासी
न्या. तीन लिटरचा, बूड इंडक्शनला चालणारा. रात्री १० नंतर शिट्टी नको, रुहेत्साईट म्हणजे शांततेची वेळ असते, आमच्या मजल्यावरचा एकजण घाबरून दार वाजवायला आला होता.

बार्शीकर
गॅसपाईप फुटला वाटलं असेल बिचाऱ्याला

गवतीचहा
सगळ्यांचे आभार. भाच्याने रात्री बसून कॉलम भरायला घेतला. काही ठिकाणी हॉस्टेलच्या वेटिंग लिस्टला ॲडमिशनच्या आधी नाव देता येतं हे त्याला माहीतच नव्हतं. म्युनिक अजून आहे यादीत पण खाली गेलंय. सह्याद्री, आखनला ओळखीचं कोणी आहे का नळ सोडून दाखवणारं?

सह्याद्री_७
आहे ना. मेसेज करा.

आईची_गडबड
मेतकूट, कुकरची रिंग एक जास्तीची द्या, तिकडे मिळत नाही पटकन. आणि शिट्टीपण