कोड सेन्सरचा आला, म्हणून सेन्सरच बदलायचा?

पिनपारखी

मागच्या आठवड्यात एका एक्स्कॅव्हेटरसाठी बोलावणं आलं. स्क्रीनवर एकदम तीन बिघाडाचे कोड. दोन्ही पंपांचे प्रेशर सेन्सर आणि स्विंगचा प्रेशर सेन्सर, तिघांनाही 'व्होल्टेज कमी'. माझ्या आधी येऊन गेलेल्याने तिन्ही सेन्सर नवे टाकले होते आणि कोड जागचे हलले नव्हते. आता कंट्रोलर, म्हणजे सेन्सर वाचणारा मशीनचा कॉम्प्युटर, बदलायची बोलणी चालली होती.

अहो, तीन सेन्सर एकाच सकाळी मरतात कसे? तिघांत समाईक काय ते आधी बघायचं. समाईक होता 5 व्होल्टचा सप्लाय. प्लग काढून मीटर लावला तर 5 च्या जागी 0.2. एकेक सेन्सर सोडत गेलो, आकडा ढिम्म. शेवटी केबिनमागचा मधला कनेक्टर सोडला, तेव्हा कंट्रोलरच्या बाजूला 5.02 दिसले. म्हणजे खोट पुढच्या फांदीत. बोटांनी हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, चाचपत गेलो, तर एका क्लँपमधलं रबर झिजून गळून पडलेलं आणि त्याच्या कडेने वायर घासून तांबं उघडं पडलेलं. ते फ्रेमला टेकून बसलं होतं.

कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही. कंट्रोलरला सेन्सर दिसत नाही, त्याला फक्त स्वतःच्या पिनवरचं व्होल्टेज कळतं. म्हणून सप्लाय, अर्थ (ग्राउंड) आणि सिग्नल बघितल्याशिवाय नवा सेन्सर पेटीबाहेर काढायचा नाही, असं माझं ठाम मत.

साइटवरचा

गोष्ट झकास आहे, पण ती तुम्ही निवडून आणलेली आहे. सेन्सर बदलला आणि मशीन चालू झालं, यावर कुणी धागा काढत नाही हो.

माझ्या बाजूने बघा. डंपर रांगेत उभे, ऑपरेटर खाली उतरून माझ्या तोंडाकडे बघतोय. हातात सेन्सर आहे, काम दहा मिनिटांचं. हार्नेस शोधायला कव्हरं खोलत बसलो तर दिवस गेला. शिवाय दोन्ही पंपांचे सेन्सर एकाच पार्ट नंबरचे असले, तर प्लगांची अदलाबदल करून बघतो. कोड दुसऱ्या पंपाच्या नावावर गेला तर सेन्सर खराब, होता तिथेच राहिला तर वायरिंग. मीटरसुद्धा लागत नाही.

पिनपारखी

अदलाबदलीला माझा विरोध नाही, ती तपासणीच आहे. पण एक गोची होते. प्लग ओढून परत बसवला की हिरवी पडलेली पिन घासून साफ होते. कोड जातो, आपण नव्या सेन्सरला श्रेय देतो, जुना भंगारात टाकतो आणि पंधरा दिवसांनी तोच कोड परत हजर. प्लग काढताच आधी आत टॉर्च मारा. पाणी आहे का, सील जागेवर आहे का, पिनचं तोंड फाकलंय का, हे बघायला एक मिनिट पुरतं.

थर्मिस्टर

'वेळ नाही' हे मलाही पटत नाही. कूलंटचा दोन वायरींचा तापमान सेन्सर घ्या. प्लग काढा, स्क्रीनवर उणे 40 च्या आसपास किंवा 'व्होल्टेज जास्त' यायला हवं. मग प्लगच्या दोन पिनांत छोटी तार जोडा, आता 'व्होल्टेज कमी' किंवा तापमान वरच्या टोकाला. दोन्ही आलं तर वायर आणि कंट्रोलर ठीक, खुशाल सेन्सर बदला. पाना लागत नाही.

फक्त हा प्रयोग तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरवर डोळे मिटून करू नका. चुकून 5 व्होल्ट आणि अर्थ जोडलेत तर त्या सप्लायवरचे बाकीचे सेन्सरही झोपतील आणि धागाकर्त्याचे तीन कोड तुमच्या स्क्रीनवर येतील.

बेअरिंग

तुम्ही सगळेच सेन्सर खोटं बोलतोय असं धरून चाललाय. खरं बोलत असेल तर?

जे1939 या अवजड मशीनच्या कोडपद्धतीत दोन आकडे येतात: एसपीएन म्हणजे तक्रार कशाबद्दल, एफएमआय म्हणजे बिघाड कोणत्या प्रकारचा. एसपीएन 100 म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर. त्याच्याबरोबर एफएमआय 3 किंवा 4 आला तर व्होल्टेज जास्त किंवा कमी, म्हणजे विजेचा मामला. एफएमआय 1 आला तर सिग्नल ठीक आहे, प्रेशरच धोक्याइतकं खाली गेलंय. पहिला आकडा सारखा बघून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणारे मी पाहिलेत. एकाने एफएमआय 1 वर सेन्सर बदलला, तरीही कोड येतोय म्हणून 'सेन्सर डुप्लिकेट निघाला' म्हणाला आणि इंजिन चालू ठेवलं. क्रँकची बेअरिंगं गेली. अशा वेळी इंजिन बंद करून साधा मेकॅनिकल गेज लावायचा, बाकी सगळं नंतर.

साइटवरचा

बेअरिंगभाऊ, हे शंभर टक्के मान्य. पण पिनपारखींना एक विचारतो. मी मीटरने वायरची कंटिन्युइटी, म्हणजे ती सलग आहे का, बघतो, बीप वाजला की वायर ओके धरतो आणि सेन्सर टाकतो. यात काय चुकलं?

पिनपारखी

वायरमधल्या तांब्याचा एकच धागा शिल्लक असला तरी बीप वाजतो. लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, वायरमध्ये किती व्होल्टेज पडतं तो ड्रॉप बघा.

साइटवरचा

सापडलात! सेन्सरच्या सर्किटमध्ये करंट मिलीअँपिअरमध्ये. एका धाग्यावर ड्रॉप दिसणार तरी किती? तुमचा नियम सोलेनॉइडचा, म्हणजे जास्त करंट ओढणाऱ्या व्हॉल्व्हच्या कॉइलचा आहे, तो इथे कशाला आणता?

पिनपारखी

बरोबर पकडलंत, सिग्नल वायरला ड्रॉप दिसणार नाही. अर्थ वायर सोलेनॉइडबरोबर समाईक असली तर मात्र सोलेनॉइड चालू होताच सेन्सरचा अर्थ वर उचलला जातो आणि रीडिंग बिघडतं. तुटत आलेल्या धाग्यासाठी इलाज एकच: लाइव्ह डेटा (सेन्सरचे चालू आकडे) उघडा, इंजिन चालू ठेवा, एकाने स्क्रीन बघायची आणि दुसऱ्याने फॅन, बेल्ट यांपासून लांब राहून हार्नेस हलवायचा. उभ्या मशीनवर बीप वाजतो, खड्ड्यातून जाताना वायर सुटते. आणि कृपा करून वायरला सुई टोचून तपासू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षाने तिथेच वायर सडते.

थर्मिस्टर

आणखी एक फुकटची तपासणी. रात्रभर उभ्या असलेल्या मशीनची सकाळी फक्त किल्ली ऑन करा. कूलंट, हायड्रॉलिक ऑइल, इनटेकची हवा, सगळ्यांचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. इंजिन ऑइलचं प्रेशर शून्य. एखादा गडी वेगळंच बोलत असला तर सुरुवात त्याच्यापासून.

साइटवरचा

ही आवडली. उद्या सकाळी लोडरवर करून बघतो, त्याचा कूलंट सेन्सर आठवडाभर छळतोय. टॉर्चही मारीन, तारही जोडीन. पण नवा सेन्सर खिशात असेल, आधीच सांगून ठेवतो.