मदत हवी आहे: जुने, नाजूक कागद स्कॅन करून देणारं मुंबईत कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला जातेय, महिन्याभरात खोली रिकामी करायचीय. आजोबांच्या ट्रंकेत भाडेपावत्या, खरेदीखतं, मोडी लिपीतली पत्रं असे 600 तरी कागद निघाले. घडी उलगडली की तुकडा हातात येतो. एका दुकानात 10 कागद दिले तर त्यांनी ते सरळ फीडरमधून (कागद आत खेचणाऱ्या यंत्रातून) ओढले, आजीच्या पत्राचा कोपरा फाटला. फार जिवाला लागलं.

म्हणून वरून टिपणारा ओव्हरहेड स्कॅनर असलेलं, माझ्यासमोर काम करणारं कुणी हवंय. दादर-गिरगाव असेल तर उत्तम. पावत्यांना 300 डीपीआयची (डीपीआय म्हणजे स्कॅनची बारकाई) पीडीएफ पुरेल, पण पत्रं 600 डीपीआयला टिफमध्येच, म्हणजे तपशील न गमावता साठवता येणाऱ्या चित्र-फाइलमध्ये, हवीत. लॅमिनेशन मात्र कृपया सुचवू नका, जुना कागद त्यात कायमचा अडकतो. पानामागे साधारण किती घेतात?