मदत हवी आहे: बिनदुधाचे, बेक केलेले डोनट दडस होतात, मऊ कसे करू?

नमस्कार मंडळी,

माझ्या सात वर्षांच्या लेकीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. दूध पचत नाही असं नव्हे, दुधातल्या प्रथिनांचीच अ‍ॅलर्जी. त्यामुळे दूध, दही, लोणी, पनीर, खवा, दूध पावडर सगळं बंद. तूपसुद्धा डॉक्टरांनी नको सांगितलंय, कारण कितीही नीट कढवलं तरी त्यात प्रथिनांचा अंश राहू शकतो. म्हशीचं आणि शेळीचं दूधही चालत नाही, त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात. गहू, सोया, नारळ, शेंगदाणे मात्र ती व्यवस्थित खाते. हे सगळं आधीच लिहितेय, कारण प्रत्येक ठिकाणी पहिला सल्ला "चमचाभर साजूक तूप घालून बघा" हाच येतो.

तिच्या वर्गात वाढदिवसाला हल्ली डोनट वाटतात. बाई फार काळजी घेतात, तिच्यासाठी वेगळी बिस्किटं ठेवतात. पण परवा घरी येऊन तिने विचारलं, "आई, डोनट आतून कसा असतो गं?" पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. वर्गातल्या सगळ्यांना द्यायचा तोच डोनट तिनेही खावा, एवढीच माझी इच्छा आहे. वर्गात अंडं न खाणारी मुलं आहेत, म्हणून अंडंही नको. तळायचे नाहीत, ओव्हनमध्येच करायचे आहेत. आणि निदान अर्धी तरी कणीक असावी.

सध्या असे करते: दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी किसलेला गूळ, एक वाटी घरी काढलेलं नारळाचं दूध, पाव वाटी तेल, दोन चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. गूळ नारळाच्या दुधात विरघळवून सगळं एकत्र फेटते. सहा खळग्यांचा डोनटचा साचा आहे, ओटीजीत १८० अंशांवर वीस मिनिटं ठेवते.

चव वाईट नाही, पण डोनट दडस होतो. वरून फुटतो, कडा काळपट होतात, आणि दुसऱ्या दिवशी तर तो चावायलाच त्रास होतो. वर लावलेला नारळतेल-कोकोचा थर दुपारपर्यंत वितळून डब्याला लागतो. नाशिकला सध्या चांगलंच ऊन आहे.

नेमकं काय बदलू? आणि शाळेच्या डब्यात टिकेल असा वरचा थर कसा करू?

प्रतिसाद १

ताई, पहिली गोष्ट वेळ. साच्यातल्या डोनटचा थर जेमतेम इंचभर असतो, मध्ये भोक असल्यामुळे उष्णता दोन्हीकडून लागते. १८० अंशांवर दहा ते बारा मिनिटं पुष्कळ झाली. वीस मिनिटांत आतलं पाणी उडून जातं. शिवाय गूळ साखरेपेक्षा लवकर काळा पडतो, म्हणून तुमच्या कडा तशा होतात. दहाव्या मिनिटाला टूथपिक घालून बघा, कोरडी आली की लगेच बाहेर. साच्यात पाचच मिनिटं ठेवा आणि जाळीवर काढा, नाहीतर खालून वाफ धरते.

ओटीजी आधी दहा-पंधरा मिनिटं तापवता ना? थंड ओव्हनमध्ये ठेवलं तर बेकिंग पावडरचा जोर डोनट फुगण्याआधीच संपतो.

प्रतिसाद २

मी कोल्हापूरला घरूनच बेकिंगच्या ऑर्डरी घेते, बिनअंड्याच्या जास्त. तुमच्या प्रमाणात मला दोन अडचणी दिसतात.

एक म्हणजे कणीक. आपली चक्कीची कणीक पोळीसाठी दळलेली असते, बारीक आणि भरपूर पाणी पिणारी. केकच्या पाककृतीत मैद्याऐवजी तेवढीच कणीक घातली तर घोल घट्ट होतो. दोन वाट्या कणकेला एक वाटी नारळाचं दूध कमीच पडणार. वर ती फेटायची म्हणजे चिवटपणा आलाच. कोरडं आणि ओलं एकत्र झालं की उलथन्याने हलक्या हाताने हलवायचं, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात.

दुसरी म्हणजे दूध. नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर, पण प्रथिनं फार कमी. लेकीला सोया चालतं म्हणता, तर बिनसाखरेचं सोया दूध घ्या. त्यातली प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास जातात, रंगही चांगला येतो. त्यात चमचाभर व्हिनेगर घालून पाच मिनिटं ठेवलं की ते दाटसर फाटतं आणि ताकासारखं काम करतं.

माझं प्रमाण देते, वजनाने घ्या, वाट्यांवर जाऊ नका. कणीक ९० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ चिमूटभर. हे दोनदा चाळून घ्यायचं. गूळ ८० ग्रॅम, तीन मोठे चमचे कोमट पाण्यात विरघळवून गाळून पूर्ण गार करायचा. सोया दूध १३० मिली अधिक छोटा चमचा व्हिनेगर. रिफाइंड सूर्यफूल तेल तीन मोठे चमचे. घाण्याचं शेंगदाणा तेल नको, त्याचाच वास पुढे येतो. घोल इडलीच्या पिठाइतका सैल हवा. घट्ट वाटला तर चमचा-चमचा सोया दूध वाढवा, कणकेप्रमाणे थोडा फरक पडतोच. दहा मिनिटं झाकून ठेवा म्हणजे कणीक भिजेल, पण त्याहून जास्त नको, सोड्याचा जोर जातो. मग पिशवीचा कोपरा कापून साच्यात दोन तृतीयांश भरा. एवढ्यात सहा ते आठ डोनट होतात.

आणि जायफळ घाला! पाव चमचा, ताजं किसून. अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीच्या केक डोनटला जो वास असतो तो बराचसा जायफळाचा. आपल्याकडे पुरणासाठी ते घरात असतंच.

प्रतिसाद ३

साच्यात एका वेळी सहाच होणार, वर्गात मुलं चाळीस. आप्पेपात्र वापरून बघा. डोनटचे गोळे होतात, एका घासाचे, लहान मुलांना तेच जास्त आवडतात. वरचाच घोल, थोडा घट्ट. खळग्यात तेलाचा थेंब, मंद आच, झाकण, तीन-चार मिनिटांनी उलटायचे. गरम असतानाच पिठीसाखर आणि दालचिनीत घोळवायचे. वर वितळणारं काहीच नाही, त्यामुळे डब्याचा प्रश्नही मिटतो. फक्त आप्पेपात्रात घरात कधी तुपावर काही केलं असेल तर ते नीट घासून घ्या, किंवा लेकीसाठी वेगळंच ठेवा.

प्रतिसाद ४

कणकेऐवजी नाचणी घातली तर? कॅल्शियम मिळेल, दूध बंद आहे म्हणून विचारलं.

प्रतिसाद ५ (कोल्हापूर)

नाचणी जरूर घाला, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण तिच्यात ग्लुटेन नाही, नुसत्या नाचणीचा डोनट साच्यातून काढतानाच मोडतो. ९० ग्रॅम कणकेतली ३० ग्रॅम काढून तेवढी नाचणी घाला. कोको घातलात तर रंगही शोभतो. आणि काका, एका डोनटमध्ये नाचणी बसणार ती किती? तिच्या रोजच्या कॅल्शियमचं डॉक्टरांशी वेगळंच बोलायला हवं.

वरच्या थराचं सांगायचं राहिलं. नारळतेल २४-२५ अंशांच्या वर वितळतंच, उन्हाळ्यात ते टिकणार नाही. एक वाटी पिठीसाखर, दोन मोठे चमचे कोको आणि दोन ते तीन चमचे गरम पाणी असं दाट कालवा. पूर्ण गार झालेला डोनट त्यात वरच्या बाजूने बुडवून जाळीवर तासभर ठेवा. वरून पापडी धरते, बोटाला लागत नाही. साखर आहेच, पण थर पातळ असतो. गुळानेही साखर टळत नाही, कॅलरी जवळपास सारख्याच. घोलातला गूळ चवीसाठी ठेवा, आरोग्यासाठी म्हणून त्याचं प्रमाण वाढवू नका.

प्रतिसाद ६

माझ्या भाच्यालाही हीच अ‍ॅलर्जी आहे, म्हणून एक कळकळीने सांगते. बाजारातलं मार्जरीन, डार्क चॉकलेट, केकचं तयार मिश्रण यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं दर वेळी वाचा, नेहमीचा ब्रँड असला तरी. दूध घन पदार्थ, व्हे, केसिन यातलं काहीही दिसलं तर पाकीट परत ठेवा. 'दुधाचा अंश असू शकतो' असं लिहिलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. साधी, काही न मिसळलेली कोको पावडर घ्या. आणि शाळेत तिचे डोनट वेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यात द्या. वाटताना सगळ्यांचे हात लागतात, आणि कुणी आधी पेढा खाल्लेला असतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कोल्हापूरच्या ताईंच्या प्रमाणाने केले, वेळ अकरा मिनिटं. वर फुटले नाहीत, दाबल्यावर परत वर येतात, आज सकाळीही मऊ होते. जायफळाने वास अगदी बदलला. लेकीने अर्धा तोडून आतली जाळी निरखून पाहिली आणि मग खाल्ला.

एकच शंका राहिली. चाळीस मुलांसाठी आदल्या रात्री करून ठेवले तर कोकोचा थर रात्रीच लावू की सकाळी? रात्री डबा बंद केला की थराला पाणी सुटतंय असं वाटतं.

प्रतिसाद ७ (कोल्हापूर)

सकाळी लावा. रात्री डोनट पूर्ण गार करून झाकणाच्या डब्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको, तिथे ते कोरडे पडतात. सकाळी थर लावून तासभर उघडे वाळू द्या, मगच एकेरी थरात डबा भरा. शाळा सातची असेल तर पाचला उठावं लागेल, त्यापेक्षा त्या दिवशी आप्पेपात्रातले पिठीसाखरेचेच करा.