तज्ज्ञाला दाखवण्यापूर्वी तात्पुरता अर्ज
पेटंट हाती येईपर्यंत कल्पना कोणत्याही तज्ज्ञाला दाखवू नये, असे काही जण सांगतात; हे मत मला अर्धेच पटते. गुप्ततेची काळजी रास्त आहे. परंतु तात्पुरत्या विनिर्देशासह (म्हणजे शोधाच्या प्राथमिक लेखी वर्णनासह) पेटंटचा अर्ज व्यक्तीला ऑनलाइन १६०० रुपयांत करता येतो आणि पूर्ण विनिर्देश देण्यासाठी पुढे १२ महिने मिळतात, तेव्हा व्यवहार्यता तपासून घ्यायची ती याच काळात.

मात्र ‘हे चालेल का?’ असे मोघम विचारू नये, मोजलेले आकडे सोबत न्यावेत. ठिबक सिंचनासाठी मी केलेल्या फिल्टरचे चित्र पाहून एका निवृत्त प्राध्यापकांनी एवढेच विचारले, की फिल्टरच्या आधी दाब किती आणि नंतर किती? घरी येऊन दोन्ही बाजूंना प्रेशर गेज बसवले, तर फिल्टरनंतरच्या गेजवरचा दाब आधीच्या जेमतेम निम्मा होता. जाळीचे क्षेत्रफळ वाढवल्यावरच शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाणी पोहोचले.