मदत हवी आहे: केसीनच्या प्रयोगाला कंट्रोल (तुलनेसाठीचं) प्रोटीन कोणतं घेऊ?

नाशिकला एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीचा प्रोजेक्ट करतेय, पेशीबाहेरच्या शॅपरोनवर (इतर प्रोटीनं बिघडून गोळा होऊ न देणारी प्रोटीनं). पेशीबाहेर एटीपी (पेशीचं इंधन) जेमतेम, तरी रक्तातलं क्लस्टरिन बिघडलेली प्रोटीनं धरून ठेवतं, हे मला फार विलक्षण वाटतं. क्लस्टरिन परवडत नाही, म्हणून तसंच काम करणारं दुधातलं केसीन (सोडियम केसीनेट, कॅल्शियमशिवाय) घेतलं.

इन्सुलिनमध्ये डीटीटी (डायसल्फाइड, म्हणजे गंधकाचे बंध तोडणारं रसायन) घातलं की त्याच्या दोन साखळ्या सुटतात आणि त्यातल्या बी-साखळ्या गोळा होऊन द्रावण गढूळ होतं. ते ३६० नॅनोमीटरला मोजते. केसीनने गढूळपणा बराच घटतो. पण कंट्रोल म्हणून तेवढ्याच वजनाचं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घातलं, तरी थोडा घटलाच! बीएसएमधले १७ डायसल्फाइड बंधच डीटीटी खात असावेत, अशी शंका आहे. तापमान, पीएच सारखेच. हाताशी फक्त स्पेक्ट्रोफोटोमीटर.

सिस्टीन (हे बंध ज्यातून बनतात ते अमिनो आम्ल) नसलेलं स्वस्त कंट्रोल म्हणून जिलेटिन चालेल का, की त्याच्या घट्टपणामुळेच साखळ्या उशिरा गोळा होतील?