सिनेमावरच्या राइड की स्वतंत्र कल्पनेच्या? सिंगापूर-हाँगकाँगच्या बेतासाठी मत हवंय

बावधनची_आई

दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरचं युनिव्हर्सल किंवा हाँगकाँगचं डिस्नेलँड, दोन्हींपैकी एकच जमणार आहे. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत, शिवाय सासूबाई सोबत. इमॅजिका पाहून झालंय. घरात सध्या जोरदार वाद चाललाय. नवऱ्याचं म्हणणं, सिनेमाच्या नावावर काढलेली राइड म्हणजे त्या सिनेमाची जाहिरात, आपण जिथे कोणीतरी नवीन काही रचलंय तिथे जाऊ. मुलं म्हणतात, ओळखीची पात्रंच नसतील तर मजा काय? आणि सासूबाईंनी यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही. त्यांनी तिथे नुसतं बाकावर बसून राहावं असं मला अजिबात वाटत नाही. जाऊन आलेल्यांनी मनापासून सांगा.

औंधकर

मी मुलांच्या बाजूने. कामानिमित्त अमेरिकेत होतो तेव्हा ऑरलँडोला गेलो होतो. तिथल्या युनिव्हर्सलमध्ये २०१० मध्ये हॅरी पॉटरमधला हॉगवर्ट्सचा किल्ला आणि हॉग्समीड गाव उभं राहिलं, २०१४ मध्ये शेजारच्या पार्कात जादूगारांची बाजारगल्ली डायगॉन अ‍ॅली. दोन्हींच्या मधे ट्रेन धावते, आणि जाताना खिडकीतून जे दिसतं ते येताना दिसत नाही, वेगळंच दिसतं. माझ्या भाचीने हॅरी पॉटर मराठीतून वाचलाय. दुकानाच्या काचेसमोर तिने छडी फिरवली आणि आतली वस्तू हलली, तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता! आधीची ओळख नसती तर ते झालंच नसतं.

देखावेवाला_शनिवारपेठ

ताई, मी गणपतीचे हलते देखावे करतो. वर्षानुवर्षं तेच काम, त्यामुळे राइडमध्ये बसलो की माझी नजर आधी सांध्यांवर जाते.

आमच्याकडे पुतळ्याचा हात बहुधा गाडीच्या वायपरच्या मोटरवर हलतो. मोटर गोल फिरते, हात वर-खाली व्हायला हवा, म्हणून मधे कॅम, म्हणजे वेड्यावाकड्या आकाराची चकती, बसवायचा. त्या कॅमची कड नीट घासलेली नसेल तर तलवार उचलताना हात मधेच गचका खातो. तेवढ्या एका गचक्यात समोरच्या माणसाला महाराज दिसेनासे होतात आणि मोटर दिसायला लागते. तिथे अफजलखानाची गोष्ट सगळ्यांना पाठ असून काही उपयोग होत नाही. म्हणून सिनेमा माहीत आहे की नाही हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आपण त्या जागेत आहोत असं वाटलं पाहिजे.

हाँगकाँग डिस्नेलँडमधली मिस्टिक मॅनर ही राइड घ्या. २०१३ मध्ये सुरू झाली, मागे कुठलाही सिनेमा नाही. लॉर्ड हेन्री मिस्टिक नावाचा जगभरातून वस्तू जमवणारा गृहस्थ, त्याचं अल्बर्ट नावाचं पाळीव माकड. माकड एक जादूची संगीतपेटी उघडतं, त्यातून सुरांची चमचमती धूळ बाहेर पडते आणि संग्रहातली एकेक वस्तू जिवंत व्हायला लागते. बस्, एवढीच गोष्ट. पहिल्या दालनात कळते आणि त्यासाठी भाषा लागत नाही. गाड्यांना रूळ नाहीत. दालनात शिरल्या की त्या पांगतात, गिरकी घेतात, त्यामुळे शेजारच्या गाडीतल्याला थोडं वेगळंच दिसत असतं. संगीत हॉलिवूडचे संगीतकार डॅनी एल्फमन यांचं, आणि हालचाल त्या संगीताच्या ठेक्यावर पडते. शेवटच्या चिनी दालनात तर वादळच सुटतं. मी बाहेर आलो आणि लगेच पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिलो.

सिनेमावरचं सगळं टाकाऊ, असं मात्र मी म्हणणार नाही. सिंगापूरची ममीची राइड उत्तम आहे. दाराशी अनुबिस या कोल्ह्याच्या तोंडाच्या इजिप्शियन देवाचे अजस्र पुतळे आणि आत अंधारातली रोलर कोस्टर. तो सिनेमा १९९९ चा, आजच्या शाळकरी पोरांनी कुठून पाहिलेला असणार? तरी पोरं किंचाळत बाहेर येतात, कारण थडगं आणि शाप कुणालाही कळतो. त्याच पार्कातली ट्रान्सफॉर्मर्सची राइड तंत्रात अव्वल आहे, गाडी खरोखर हलते-वळते, पण समोर बहुतेक पडदेच. पडद्यावरचा यंत्रमानव कितीही मोठा असला तरी तो माझ्यासमोर उभा नसतो. माझं मन नाही भरलं.

तुमच्या यजमानांना एक सांगा. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधली पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ही राइड १९६७ ची आहे आणि तिच्यावरून काढलेला सिनेमा २००३ चा. सिनेमा चालला म्हणून २००६ मध्ये त्यातल्या नायकाला, जॅक स्पॅरोला, राइडमध्ये आणून बसवला. डिस्नेच्याच स्प्लॅश माउंटन या पाण्यातल्या राइडची गोष्ट तर फार बोलकी आहे. १९८९ ची राइड, आधार १९४६ च्या सिनेमाचा, आणि तो सिनेमा डिस्नेने अमेरिकेत घरी बघायला व्हिडिओवर कधी काढलाच नाही. म्हणजे बसणाऱ्या बहुतेकांना मूळ गोष्ट ठाऊकच नव्हती. तरी ती बंद होणार म्हटल्यावर लोक हळहळले. शेवटची ती खोल उडी आणि ती गाणी लोकांची झाली होती. २०२४ मध्ये पाण्याच्या त्याच वाटेवर टियाना या डिस्नेच्या सिनेमातल्या राजकन्येची राइड सुरू झाली.

औंधकर

दादा, तुमचा मुद्दा पटला, पण मग अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांतला स्टार वॉर्सचा विभाग, गॅलक्सीज एज, कुठे बसवायचा? २०१९ मध्ये उघडला. नाव सिनेमाचं, पण जागा बाटू नावाच्या ग्रहावरची, जी आधीच्या सिनेमांत आलेलीच नाही. बऱ्याच चाहत्यांना तेच खटकलं, त्यांना ओळखीचे ग्रह हवे होते. त्यातल्या राइझ ऑफ द रेझिस्टन्स या राइडमध्ये मुख्य गाडीत बसायच्या आधीच तुम्हाला पकडून नेतात. यानाचं दार उघडतं आणि समोर सैनिकांच्या रांगाच्या रांगा!

देखावेवाला_शनिवारपेठ

ते मी व्हिडिओतच पाहिलंय, पण दार उघडण्याचा तो क्षण म्हणजे कळस आहे. आमच्याकडे पडदा सरकतो तेव्हा हीच धडपड असते. तिथे माणसाला उभं केलंय, चालवलंय, मग गाडीत बसवलंय. म्हणून ते माझ्या मते पक्कं काम, सिनेमाचं असो नसो.

डेक्कनचा_पोरगा

आपल्याकडे 'प्रभात' फिल्म कंपनीच्या सिनेमांवर असं काही का होत नाही? कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली, १९३६ चा 'संत तुकाराम' इथलाच. वैकुंठाला जाणाऱ्या विमानात बसायला मी रात्रीपासून रांग लावीन.

बावधनची_आई

सगळ्यांचे आभार. नवरा आणि मुलं दोघांनाही वाचून दाखवलं. हाँगकाँगकडे कल झुकतोय. पण मुलीला सिनेमातलं काहीतरी हवंच आहे, आणि सासूबाईंना मिस्टिक मॅनर झेपेल का?

देखावेवाला_शनिवारपेठ

आरामात झेपेल. उंचावरून पडणं नाही, उलटं होणं नाही, गाडी सावकाश फिरते. चिनी दालनात अंधार आणि आवाज वाढतो, तेवढं आधी सांगून ठेवा. मुलीसाठी तिथेच 'फ्रोझन' सिनेमावरचा वर्ल्ड ऑफ फ्रोझन हा विभाग आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडला. तिथली बोटीची राइड आजींनाही चालेल. मुलाला बिग ग्रिझलीची खाणगाडी, म्हणजे तिथली रोलर कोस्टर, द्या, तीही कुठल्या सिनेमावरची नाही. मिस्टिक मॅनरला मात्र दोनदा बसा, आणि दुसऱ्या खेपेला वेगळी गाडी मिळतेय का बघा. आत जाताना भिंतीवरची चित्रं आणि फोटो नीट बघत चला, अल्बर्टची ओळख तिथेच होते.